३०० पैकी २०७

(दहावीच्या १९८५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



काल संध्याकाळी सगळ्यांची ओळख करून देताना माझ्याबद्दल सांगितलं गेलं, 'आपल्या बॅचची हुशार मुलगी, बालरोगतज्ज्ञ झाली.' टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "हुशार कधीपासून?" आवाज कुणाचा ते चाळीस वर्षांनीही लगेच ओळखू आलं. त्याचं बरोबरच आहे. आपल्या वर्गात माझा नंबर कधी पहिल्या पंधरात आला नाही. बक्षीस समारंभाला मी दरवर्षी असायचे, पण सतरंज्या घालायला.

संयोजकांनी मला विषय दिलाय तोही तसाच: मार्क कमी असताना मेडिकलला प्रवेश कसा मिळवलास, ते सांग. कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांत आज हाच विषय चालू आहे. कुणाचा मुलगा लातूरला खोली घेऊन दुसऱ्यांदा नीटची तयारी करतोय. कुणाची पुतणी कोट्याहून परत आलीय आणि घरात कुणाशी बोलत नाही. त्यातली काही मुलं आज आई-बापांबरोबर इथे आली आहेत. म्हणून मी नुसत्या आठवणी सांगणार नाही, हिशोब सांगते.

पहिला आकडा माझाच. १९८७ ची बारावी. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ३०० पैकी २०७. म्हणजे ६९ टक्के. तेव्हा महाराष्ट्रात सीईटी नव्हती, ती १९९९ मध्ये आली. बारावीच्या ह्या तीन विषयांच्या मार्कांवरच मेडिकलची यादी लागायची. सरकारी कॉलेजात जायचं तर खुल्या गटात नव्वदच्या आसपास टक्के लागत. आपल्याला जवळचं कॉलेज सोलापूरचं. त्या यादीपासून मी पाच-दहा नव्हे, पन्नासच्या वर मार्कांनी लांब होते. खासगी कॉलेजं नुकती निघाली होती आणि डोनेशन हा शब्द बार्शीतही पोचला होता. डोनेशनवर बंदी घालणारा कायदा राज्यात त्याच वर्षी, १९८७ मध्ये झाला. आमच्या घराला मात्र डोनेशन काय आणि नुसती फी काय, दोन्ही सारखीच लांब. माझे वडील मार्केट यार्डात एका अडतीवर दिवाणजी होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. तुमच्या घरच्या तुरीची पट्टी कितीदा तरी त्यांच्याच अक्षरात लिहिली गेली असेल.

आता २०७ च का, ते सांगते. आपण सगळे दहावीपर्यंत मराठीतून शिकलो. प्रकाशसंश्लेषण म्हटलं की पान, हरितद्रव्य, ऊन, पाणी सगळं डोळ्यांसमोर उभं राहायचं. अकरावीला गेलो आणि त्याचंच फोटोसिंथेसिस झालं. वर्गात सर काय सांगतात ते कळायचं, पण वाक्य इंग्रजीत कसं लिहायचं ते कळायचं नाही. प्रश्नाचं उत्तर डोक्यात मराठीत तयार व्हायचं, मग मी त्याचं एकेक शब्दाने इंग्रजी करत बसायची, आणि तोवर घंटा व्हायची. अकरावीला सायन्स घेतलेल्या आपल्यातल्या सगळ्यांनाच हे आठवत असेल. शहरातल्या मुलांचं तसं नव्हतं. पेपर एकच, पण आपल्याला तो दोनदा सोडवायला लागायचा.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मार्क कमी का पडले ह्याचं उत्तर शोधल्याशिवाय पुढे काय करायचं ते ठरत नाही, म्हणून सांगतेय. विषय समजत नसेल तर उपाय वेगळा. समजतो पण लिहिता येत नसेल तर उपाय वेगळा. आणि विषय आवडतच नसेल तर डॉक्टर होण्याचा हट्ट सोडणं हाच उपाय. निकाल लागला की आपण घरात पहिल्यांदा विचारतो, "किती?" त्याच्यानंतर "कुठे गेले?" हे विचारायला फार थोड्या घरांना सुचतं.

मला ते विचारलं आपल्या विज्ञानाच्या सरांनी. सर आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना कौतुक चालत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. निकालानंतर आठ दिवसांनी मी शाळेत दाखल्याच्या कामासाठी आले होते. सरांनी गुणपत्रिका बघितली आणि म्हणाले, "बस. हृदयातून रक्त कसं फिरतं ते सांग. मराठीत सांग." मी सांगितलं. "आता इंग्रजीत." मी अडखळले. सर म्हणाले, "तुला बायोलॉजी येतं. तुला बायोलॉजीचा पेपर लिहिता येत नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

सर सर्वोदयवाले. वर्धा-सेवाग्रामशी त्यांचा पत्रव्यवहार असायचा. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं, की सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था नावाचं मेडिकल कॉलेज आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर ह्यांनी ते काढलं. सुशीलाताई म्हणजे गांधीजींच्या डॉक्टर, पुढे देशाच्या आरोग्यमंत्री. खेड्यातल्या माणसासाठी डॉक्टर तयार करायचे, हा हेतू. आणि त्या कॉलेजात बारावीच्या मार्कांवर यादी लागत नव्हती. बारावीला ठरलेले किमान मार्क असले की त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा देता यायची. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी होतंच, शिवाय गांधी विचारांचा एक पेपर. जागा शंभरपेक्षा कमी, त्यातल्या निम्म्या महाराष्ट्राला आणि निम्म्या बाकीच्या देशाला. त्याच सुमाराला देशातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या १५ टक्के जागांसाठी अखिल भारतीय परीक्षाही सुरू होत होती. ही दोन दारं अशी होती, की तिथे माझे २०७ कुणी विचारणार नव्हतं. तिथे नव्याने मोजलं जाणार होतं.

दार सापडलं, पण तिथपर्यंत जायला एक वर्ष लागणार होतं. ते वर्ष कुठून आणायचं?

इथे मला आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीबद्दल सांगायचं आहे. ती ह्याच हॉलमध्ये बसली आहे. तिला विचारूनच सांगतेय, नाव मात्र सांगत नाही. बारावीला तिला माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त होते, ३०० पैकी २१६. तिलाही डॉक्टर व्हायचं होतं. सरांनी दोघींनाही सेवाग्रामची माहिती दिली होती, दोघींनाही संध्याकाळी घरी शिकवायची तयारी दाखवली होती. पण तिच्या घरी तीन बहिणी, आणि वडील नव्हते. चुलत्यांनी सांगितलं, वर्षभर मुलीला नुसतं घरात बसवणं आपल्याला जमणार नाही. त्या दिवाळीनंतर तिचं लग्न झालं.

माझ्याही घरी हेच बोलणं झालं. आजी म्हणायची, "पोरगी पास झालीय ना? मग परत कसली परीक्षा?" वडील बरेच दिवस काही बोलले नाहीत. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "यार्डात रोज बघतो. ज्या शेतकऱ्याला आजच पैसे पाहिजेत, त्याला आजचाच भाव घ्यावा लागतो. ज्याला माल ठेवायची सोय आहे, तो चार महिने थांबतो. माल दोघांचा एकच असतो." एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या हिशोबाच्या वहीत एक नवं पान काढलं आणि वर लिहिलं, 'दुसरं वर्ष'. फॉर्मचे पैसे, पुस्तकं, परीक्षेला जायचं भाडं, सगळं त्या पानावर. वर्षाअखेर बेरीज झाली १,८४० रुपये. त्यांच्या अडीच-तीन महिन्यांच्या पगाराएवढी. आईने त्या वर्षी दिवाळीला साडी घेतली नाही, हे त्या पानावर कुठे लिहिलेलं नाही.

गेली चाळीस वर्षं मला जेव्हा जेव्हा 'जिद्दीने शिकलीस' असं कुणी म्हणतं, तेव्हा मला नऊ मार्क आठवतात. जिद्द आम्हा दोघींतही होती, मार्क तिला जास्त होते. फरक एवढाच होता, की मला थांबायला जागा मिळाली. कमी मार्कांच्या मुलाला मेडिकलला प्रवेश कसा मिळतो, ह्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे: त्याला दुसरं वर्ष मिळालं तर मिळतो. आणि ते वर्ष त्याला स्वतःला आणता येत नाही, कुणीतरी द्यावं लागतं.

आता त्या वर्षात केलं काय, ते मुलांसाठी सांगते. सरांनी एक दोनशे पानी वही करायला लावली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. पेशी, ऊतक, अभिसरण, संप्रेरक. पण नुसते शब्द नव्हेत, प्रत्येकाखाली एक पूर्ण वाक्य, दोन्ही भाषांत. रोज संध्याकाळी सातला मी सरांकडे जायची. आधी धडा मराठीत समजावून सांगायचा, सर शंका काढायचे, मग तोच इंग्रजीत. काकू आत भाकरी करता करता ऐकायच्या. एकदा त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "मूत्रपिंडाचं मला कळलं, पण इंग्रजी सांगताना तू त्यातला एक टप्पा गाळलास." तेव्हापासून काकूंना कळलं तर धडा झाला, असं ठरलं.

दुसरी वही होती न आलेल्या प्रश्नांची. प्रवेश परीक्षेत पर्याय निवडायचे असत, लांबलचक उत्तरं नसत. माझी इंग्रजीची अडचण तिथेच निम्मी झाली. सराव करताना जो प्रश्न चुकायचा, तो ह्या वहीत जायचा आणि त्याच्यापुढे तीनपैकी एक अक्षर. 'म' म्हणजे मुळात माहीत नव्हतं. 'व' म्हणजे माहीत होतं, पण वाचताना घोटाळा झाला. 'अ' म्हणजे अंदाज मारला. पहिल्या महिन्यात सगळीकडे 'म' दिसायचे. जानेवारीपर्यंत 'म' कमी झाले आणि 'व' राहिले. मग सर म्हणाले, आता नवीन काही वाचू नकोस, प्रश्न नीट वाच. आजही माझ्याकडे कुणी मुलाला घेऊन आलं, की मी त्याला ह्या तीन अक्षरांची वही करायला सांगते. महिनाभरात त्याला स्वतःलाच कळतं, आपण कुठे आहोत.

१९८८ मध्ये दोन्ही परीक्षा दिल्या. अखिल भारतीयमध्ये नंबर लागला नाही. सेवाग्रामच्या यादीतही पहिल्यांदा नाव नव्हतं, प्रतीक्षा यादीत होतं. कुणीतरी वरचा विद्यार्थी दुसरीकडे गेला आणि मला तार आली. तेव्हा नशिबाचाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही. वडील आणि मी बार्शीहून आपल्या छोट्या रेल्वेने कुर्डुवाडीला, तिथून दौंडला, आणि दौंडहून महाराष्ट्र एक्सप्रेसने वर्ध्याला गेलो. पत्र्याची ट्रंक, शेंगाचटणीचा डबा, आणि सरांनी दिलेलं खादीचं कापड.

सेवाग्रामला पहिले पंधरा दिवस कॉलेज नसतं, आश्रमात राहायचं असतं. पहाटे उठून प्रार्थना, झाडलोट, सूतकताई. अंगावर खादी. दिल्लीची, केरळची, पंजाबची मुलं माझ्या शेजारी बसून टकळी-चरख्याशी झटापट करत होती. ज्यांचं इंग्रजी ऐकून मला धडकी भरली होती, त्यांचाही धागा माझ्याइतकाच तुटत होता. त्या पंधरा दिवसांनी मला फार धीर दिला. सुशीलाताईंना तिथे सगळे बडी बहनजी म्हणत. प्रार्थनेला त्यांना बघितलं की वाटायचं, ह्या बाईंनी आपले बारावीचे मार्क विचारले नाहीत.

पण आत गेल्यावर मार्क सुटत नाहीत, हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवं. तेव्हा पहिलं एम.बी.बी.एस. दीड वर्षाचं असायचं. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. पहिल्या चाचणीत मी अ‍ॅनाटॉमीत पासही झाले नव्हते. पुन्हा तेच, चौरसियांचं पुस्तक एका हातात आणि डिक्शनरी दुसऱ्या हातात. पुन्हा तीच दोन रकान्यांची वही. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी मी मैत्रिणींना मोठ्याने समजावून सांगायची, काकूंना सांगायची तशी. वर्षभराने गाडी रुळावर आली. प्रवेश कुठल्याही रांगेतून होवो, खुल्या, राखीव, प्रतीक्षा यादीतल्या, पण एम.बी.बी.एस.ची परीक्षा सगळ्यांना एकच असते आणि पास व्हायला सगळ्यांना निम्मे मार्क लागतातच. कोण कमी मार्कांवर आत आला, अशी कुजबूज करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि कमी मार्कांवर आत आलेल्यांनीही ठेवावं.

त्या कॉलेजात दर बॅचला एक गाव दिलेलं असतं. पहिल्याच वर्षी पंधरा दिवस त्या गावात राहायचं, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं, मग दर महिन्याला त्यांच्याकडे जायचं. तिथे माझं मराठी माध्यम कामाला आलं. वऱ्हाडी बोली मलाही नवी होती, पण बाई पोटात दुखतं हे किती तऱ्हांनी सांगू शकते ते मला घरून माहीत होतं. रोग्याचं ऐकून घेणं हा अर्धा विषय आहे, आणि त्याचे मार्क बारावीच्या गुणपत्रिकेत नसतात.

पुढे मी डी.सी.एच. केलं आणि गेली सत्तावीस वर्षं लहान मुलांवर उपचार करतेय. एवढ्या वर्षांत एकाही आईने मला बारावीचे मार्क विचारले नाहीत. बाळाचा ताप कधी उतरेल, एवढंच विचारतात.

आता आजचं बोलू. माझी वाट आज जशीच्या तशी राहिलेली नाही. सेवाग्रामची वेगळी परीक्षा गेली, आता तिथेही नीटवरच प्रवेश होतो. देशभर एकच मोजपट्टी. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा, एकूण ७२०. एका अर्थाने हे कमी मार्कांच्या मुलाला बरं आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के असले, की पुढचं सगळं नीटवर. म्हणजे ६९ टक्क्यांची मुलगी आजही बाद होत नाही. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, हेही बऱ्याच पालकांना माहीत नसतं. दुसऱ्या अर्थाने मात्र हे कठीण आहे. आमच्या वेळी एका दारावर नाही म्हटलं तर दुसऱ्या दारावर जाता यायचं. आज दार एकच आहे.

तीन गोष्टी पालकांनी नीट समजून घ्याव्यात.

पहिली, पात्र होणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. २०२५ च्या नीटमध्ये खुल्या गटाला ७२० पैकी १४४ ला पात्रता होती. परीक्षा दिली बावीस लाखांच्या वर मुलांनी, पात्र झाली बारा लाखांच्या वर, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या निम्म्याच्या आसपास खासगी. 'मुलगा क्वालिफाय झालाय, सीटचं मी बघतो' असं म्हणत जो एजंट घरी येतो, त्याला चहा द्या आणि निरोप द्या. प्रवेश सरकारी फेऱ्यांमधून यादीनेच होतो.

दुसरी, परदेश. शेताचा तुकडा विकून मुलाला बाहेर पाठवणारी घरं आपल्या तालुक्यात आहेत. काही मुलं तिथून चांगली शिकून आलीही आहेत. पण २०१८ पासून परदेशात जायलाही नीटची पात्रता लागते. २०२१ च्या नियमांनुसार तिथे किमान ५४ महिन्यांचं इंग्रजीतून शिक्षण आणि वर बारा महिन्यांची इंटर्नशिप लागते. परत आल्यावर इथली ३०० मार्कांची परीक्षा, त्यात १५० मिळाले तरच पुढे. ती पास होणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा निम्म्याच्या खूप खाली असतं. जे दार मागून उघडतं असं वाटतं, तिथे परीक्षा सहा वर्षं पुढे गेलेली असते, एवढंच.

तिसरी, थांबायचं कधी. नीट कितीही वेळा देता येते, वयाची वरची मर्यादाही आता नाही. नियम कुणाला थांबवत नाही, म्हणून ते घरानेच ठरवायला हवं. माझ्याकडे सतरा-अठरा वर्षांची मुलं येतात, झोप लागत नाही म्हणून, छाती धडधडते म्हणून. तपासण्या सगळ्या नॉर्मल असतात. मी आई-वडिलांना बाहेर बसवते आणि विचारते, तुला स्वतःला काय व्हायचंय? बरीच मुलं रडतात. माझं मत असं आहे: दुसरं वर्ष प्रत्येक मुलाला मिळावं. तिसरं, फक्त यादीपासूनचं अंतर थोडं राहिलं असेल आणि मूल स्वतः मागत असेल तर, आणि तेही एखाद्या कोर्सला नाव घालून. त्याच्यापुढे नको. नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद, लॅब, औषधनिर्माण ही उरलेल्यांची कामं नव्हेत. माझ्या वॉर्डात एखादं बाळ वाचतं तेव्हा रात्री दोनला सलाईनकडे बघणारी नर्स असते. मी तेव्हा घरी झोपलेली असते.

आता माझ्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, ते तुम्हाला सांगायला हवं. तिने लग्नानंतर अंगणवाडीत नोकरी धरली आणि गेल्या वर्षीपर्यंत केली. त्यातली बरीच वर्षं माझ्या दवाखान्याच्या जवळच्याच गावात. वजन घटलेलं, डोळे खोल गेलेलं मूल ती माझ्या आधी ओळखायची आणि आईला चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवायची. त्या चिठ्ठीत तीन ओळींत सगळं असायचं, मला फारसं विचारावं लागायचं नाही. तिचं आयुष्य वाया गेलं, असं कुणी म्हणायचं कारण नाही, ती म्हणू देणारही नाही. पण तिला जे व्हायचं होतं ते तिला होऊ दिलं गेलं नाही, आणि ते हिशोबाच्या वहीतल्या एका पानावाचून अडलं. हे गोड करून सांगता येत नाही.

म्हणून आम्ही दोघींनी मिळून एक प्रस्ताव आणला आहे. बॅचने शाळेला काहीतरी भेट द्यायची, असं ठरलंय. कमान, पाण्याची टाकी, स्मार्ट बोर्ड, सगळ्या चांगल्या सूचना आहेत. आमची सूचना अशी, की त्यातली निम्मी रक्कम बाजूला काढून एक निधी करावा आणि त्याला नाव द्यावं, 'दुसरं वर्ष'. आपल्या शाळेतून दहावी झालेल्या ज्या मुलाला किंवा मुलीला बारावीनंतर एक वर्ष थांबून तयारी करायची आहे आणि घरची परिस्थिती नाही, त्याला त्या वर्षाचा खर्च. मेडिकलच असं नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, पोलीस भरती, काहीही. अटी फक्त तीन. मुलींचा अर्ज आधी बघायचा. मार्क किती हे नंतर विचारायचं, कुठे गेले हे आधी. आणि वर्षाअखेर निकाल काहीही लागला, तरी पैसे परत मागायचे नाहीत आणि तोंडही वाकडं करायचं नाही.

निवड समितीत सर आणि बाईंनी बसावं, अशी विनंती आहे. हिशोब माझी मैत्रीण ठेवणार आहे. तिने वहीसुद्धा आणली आहे. पहिली नोंद माझी, १,८४० रुपयांची नव्हे, आजच्या भावाने. बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे जावं. ती दाराजवळच्या टेबलावर बसलेली असेल.

सर, दोन रकान्यांची ती वही मी शाळेच्या ग्रंथालयाला देतेय. पानं पिवळी पडली आहेत, पण शब्द वाचता येतात. अकरावीला सायन्स घेणाऱ्या मुलांना तिची झेरॉक्स द्यावी.